एका युनिटात किती विज्ञान?

नवं ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यावं यावरून माझा भाऊ आणि माझी लेक यांची जुंपली होती. भावाला कार्ड खेळांसाठी नको होतं. नागपूरच्या त्याच्या घरात ते दिवसरात्र दुसऱ्यांचं विज्ञान करणार होतं. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून तो निवृत्त झाला. १९९९च्या मे महिन्यात बर्कलेच्या विद्यापीठाने सेटी ॲट होम सुरू केलं आणि परग्रहावरचे संकेत शोधायला घरोघरचे रिकामे संगणक मागितले, तेव्हापासून त्याचा संगणक कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाला जोडलेला आहे. मार्च २०२०मध्ये सेटीने नवं काम पाठवणं थांबवलं. आता त्याचं कार्ड दोन ठिकाणी राबतं. फोल्डिंग ॲट होममध्ये ते प्रथिनांच्या हालचालींची गणितं करतं, तर आइनस्टाइन ॲट होममध्ये पल्सार आणि गुरुत्वीय लहरी शोधतं.

लेक पुण्यात पीएचडी करते आणि प्रथिनांची हीच गणितं तिचा रोजचा विषय आहे. म्हणजे एक जण संगणक देणारा, तर दुसरी अशा गणितांवर संशोधन उभं करणारी. वाद माझ्यासमोरच झाला, म्हणून तो लिहून ठेवते आहे. माझा कल कुठे आहे तेही सांगेन.

मामा : माझा हिशेब सरळ आहे. कार्ड दिवसाला किती पॉइंट मिळवतं? पीपीडी बघायचा आणि ज्याचा जास्त ते घ्यायचं. आत्ताचं माझं जीटीएक्स १६६० सुपर आता मागे पडलंय. ओळखीतल्या एकाकडे वापरलेलं आरटीएक्स ४०९० आहे. १६,३८४ कोअर, ८२ टेराफ्लॉप्सच्या वर. माझं कार्ड पाचावर अडतं. कागदावर सोळापट!

भाची : कागदावर. मामा, तुझं कार्ड एका वेळी किती अणूंचं गणित करतं ते बघितलंस कधी? आमच्यात कार्ड तपासायला डीएचएफआर नावाचं एक प्रथिन वापरतात, भोवतीच्या पाण्यासकट २३,५५८ अणू. १६ हजार कोअर आणि साडेतेवीस हजार अणू, म्हणजे एका कोअरच्या वाट्याला धड दोन अणूही येत नाहीत. एवढ्या कामात ते कार्ड भरतच नाही. दहा लाख अणूंचा अख्खा विषाणू दिलास तर भरेल. फोल्डिंगची सगळी कामं काही तेवढी मोठी नसतात.

मामा : नाही भरलं तर वीजही तेवढी खाणार नाही. ४५० वॉट ही वरची मर्यादा आहे, कार्ड रोज तेवढी ओढत नाही.

भाची : बरोबर आहे. पण मग सोळापट हा आकडाही सोड. कामाचा आकार बदलला की दोन कार्डांमधलं अंतर बदलतं. म्हणून 'हे कार्ड त्याच्या इतकेपट' असं कुणी म्हटलं, की मी आधी विचारते, कुठल्या कामावर?

मामा : म्हणूनच तर पॉइंट बघतो ना! खऱ्या कामावर मिळालेले असतात ते.

भाची : तिथंच घोळ आहे. फोल्डिंगचा बोनस कसा लागतो ते तुला माहीत आहे.

मामा : काम लवकर परत केलं की जास्त. मुदत भागिले लागलेला वेळ, त्याला एका स्थिरांकाने गुणायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. त्यासाठी पासकी लागते, आधी दहा कामं नीट पूर्ण झालेली असावी लागतात, आणि घेतलेल्या कामांपैकी ८० टक्के तरी यशस्वी व्हावी लागतात.

भाची : मग आता मांड. समजा एक कार्ड तुझ्या कार्डापेक्षा चौपट वेगाने काम करतं. दिवसात कामं चौपट होतात. शिवाय प्रत्येक काम चौथ्या हिश्श्याच्या वेळात परत जातं, म्हणून त्या कामाचे पॉइंट दुप्पट. चार दुणे आठ. पॉइंट आठपट झाले, पण प्रथिनाची हालचाल चौपटच कळली.

मामा थोडा वेळ गप्प होता. हे गणित त्याला येत नव्हतं असं नाही. पॉइंटच्या तक्त्यावर गती दीडाव्या घातात वाढते हे त्याला आधीच माहीत होतं. पण तक्त्यातला फरक म्हणजेच कामातला फरक, अशी सवय त्याच्या नजरेला लागलेली होती. इथे मी लेकीच्या बाजूने आहे. दोन कार्डांची तुलना करणाऱ्याने आधी बोनस बाजूला काढायला हवा, नाहीतर महाग कार्ड आहे त्याहून मोठं दिसतं.

मामा : पण बोनस कुणाच्या मर्जीखातर ठेवलेला नाही. रेणूची हालचाल फेम्टोसेकंदांच्या पावलांनी मोजायची, प्रत्येक पाऊल मागच्या पावलावर. स्वेटर विणताना खालची ओळ झाल्याशिवाय वरची घालता येत नाही ना, तसं. माझं काम संपलं की तिथून पुढचा तुकडा दुसऱ्या कुणाकडे जातो. मी चार दिवस लावले तर तो धागा चार दिवस थांबला. मग लवकर परत करणाऱ्याला जास्त मिळालं तर काय बिघडलं?

भाची : काही बिघडलं नाही. एक धागा धरलास तर तुझं शंभर टक्के बरोबर आहे. पण धागे हजारो असतात, मामा. एकाच प्रथिनाच्या वेगवेगळ्या सुरुवातींपासून असंख्य छोट्या धावा एकदम चालतात, आणि मार्कोव्ह मॉडेलने त्यांचे टप्पे जुळवून पूर्ण हालचालीचं चित्र तयार होतं. विजय पांडे आणि नंतर ग्रेग बोमन यांच्या चमूने ही पद्धत त्यासाठीच वाढवली. एकेकटे संगणक हळू होते, म्हणूनच तर घरोघरी वाटण्याची कल्पना जमली. तुझं हळू कार्डही एक वेगळी धाव पुढे नेतंच.

मामा : आणि २०२०मधली कोरोनाची साथ? तेव्हा घाई नव्हती का?

भाची : होती ना. तेव्हा जे झालं ते मला आजही अफाट वाटतं. दहा लाखांहून जास्त लोकांनी संगणक जोडले. मार्चच्या शेवटी सगळ्यांची मिळून क्षमता एक एक्साफ्लॉपच्या पुढे गेली, तेव्हाच्या कुठल्याही महासंगणकाला ते जमलेलं नव्हतं. विषाणूच्या प्रथिनांची मिळून ०.१ सेकंद हालचाल मोजली. ऐकायला एवढीशी वाटते. पण पाऊल चार फेम्टोसेकंदांचं धरलं तर ती २५ लाख कोटी पावलं होतात. स्पाइक प्रथिन कसं उघडतं, औषध अडकवायला लपलेल्या खाचा कुठे आहेत, ते त्यातून दिसलं.

मामा : मग? वेगवान कार्डांनीच केलं ना ते?

भाची : तुला त्या मार्चमधलं एक आठवत असेल. कार्डं रिकामी बसली होती. लोक इतके आले की सर्व्हर काम वाटायला पुरे पडेनात. त्या आठवड्यांत सगळ्यात वेगवान कार्डही नुसतं वाट बघत होतं. तू देतोस ती गती प्रयोगशाळेच्या सर्व्हरला, साठवणुकीला आणि माणसांना पेलली तरच तिचं विज्ञान होतं.

हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. कार्डांच्या तुलनेत सहसा कार्डच दिसतं. त्याच्यापुढे काम तयार करणारा संशोधक, निकाल साठवणारी डिस्क, आकडे वाचणारा विद्यार्थी हे कुठल्याही तक्त्यात नसतात.

मग विषय आइनस्टाइन ॲट होमकडे वळला आणि भावाचा आवाज बदलला. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे, केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये तिला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोची मापनं आइनस्टाइन ॲट होम २००५पासून लोकांच्या संगणकांवर चाळत आलं आहे. उद्या औंढ्याची मापनं येतील तेव्हा आपलं कार्ड तयार असावं, असं त्याला मनापासून वाटतं.

मामा : २०१०मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीच्या नोंदींत याच प्रकल्पातून एक नवा पल्सार सापडला, अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या घरगुती संगणकांवर. २०२०मध्ये गॅमा किरणांत आणखी एक, सोबत्याभोवती ७५ मिनिटांत फेरी मारणारा. तो शोध एका कोअरवर ५०० वर्षं चालला असता. ग्राफिक्स कार्डांवर दोन आठवड्यांत झाला. गतीला तू कमी लेखू नकोस.

भाची : कमी लेखत नाहीये. पण तिथे गती वेगळ्या तऱ्हेने लागते. त्या कामांत आधीच नोंदवलेली मापनं असतात. आकाशाचा एक ठिपका आणि वारंवारितेचा एक पट्टा तुला मिळतो, दुसरा दुसऱ्याला. एकाचं काम दुसऱ्यासाठी अडून राहत नाही. तिथे एक काम किती लवकर झालं हे गौण, महिन्यात किती झाली ते महत्त्वाचं.

मामा : म्हणूनच आइनस्टाइनची दोन कामं मी एकदम लावतो. एकेकाला वेळ जास्त लागतो, पण बेरीज वाढते.

भाची : आणि फोल्डिंगवर तसं करशील?

मामा : छे! बोनस जाईल.

भाची : बघ ना, एकाच कार्डाला एका प्रकल्पात घाई हवी, दुसऱ्यात नुसती बेरीज. मग कार्डाची कामगिरी एका आकड्यात कशी मांडणार?

याचं टोकाचं उदाहरण भावाने स्वतःच दिलं, ते मी इथे देते. मिल्कीवे ॲट होम हा प्रकल्प आकाशगंगेच्या ताऱ्यांच्या प्रवाहांचं गणित करायचा आणि त्याला दुहेरी अचूकतेची, म्हणजे ६४ बिटांची गणितं लागायची. घरगुती कार्डांत हा भाग कंपन्या मुद्दाम कमी ठेवतात. ४०९०मध्ये दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या चौसष्टावा हिस्सा, म्हणजे सुमारे १.३ टेराफ्लॉप. २०१९च्या रेडिऑन सेव्हनमध्ये तो चौथा हिस्सा होता, म्हणून ते जुनं कार्ड ३.३ टेराफ्लॉप्सच्या पुढे जातं. एवढंच काय, २०१२च्या सुरुवातीला बाजारात आलेलं रेडिऑन एचडी ७९७० या एका कामात आरटीएक्स ४०७०च्या दुप्पट आहे! त्या प्रकल्पासाठी लोक दशकभर जुनी कार्डं शोधत फिरायचे. २०२३मध्ये मिल्कीवेने ग्राफिक्स कार्डांवरचं ते काम बंद केलं आणि त्या कार्डांची ती खास किंमतही गेली.

भाची : तू ४०९०च का म्हणतोस? ४०७०शी लावून बघ. कोअर पावणेतीनपट, टेराफ्लॉप्सही जवळपास तितकेच. वीज २०० वॉटची ४५०, म्हणजे सव्वादोनपट. आणि मेमरीतून आकडे आणायचा वेग ५०४ गिगाबाइटवरून १००८, म्हणजे फक्त दुप्पट. आइनस्टाइनची कामं फूरिए रूपांतरांनी भरलेली, त्यांना मेमरीचा वेग लागतो. तिथे सव्वादोनपट वीज घालून दुपटीच्याच आसपास राहशील.

मामा : फोल्डिंगमध्ये मोठं काम आलं तर पावणेतीनपट मिळेल.

भाची : मिळेल, तिथे ४०९० जिंकेल. लहान कामात नाही जिंकणार. म्हणून म्हणते, दिवसाचे पॉइंट मोजू नकोस. विजेच्या एका युनिटात किती काम झालं ते मोज. फोल्डिंगसाठी एका युनिटात किती नॅनोसेकंदांची हालचाल, आइनस्टाइनसाठी एका युनिटात किती कामं.

मामा : मोजायचं तर भिंतीपाशी मोजू. तुझं हे वॉटचं गणित अर्धवट आहे. संगणक चालू ठेवायलाच साठ-एक वॉट लागतात, कार्ड कुठलंही असो. माझं जुनं कार्ड १२५चं, धरून १८५. मोठं ४५०चं, धरून ५१०. तुझंच उदाहरण घे, गती चौपट. नुसत्या कार्डांवर वीज ३.६पट, म्हणजे एका युनिटामागे फायदा जेमतेम अकरा टक्के. पण भिंतीपाशी वीज पावणेतीनपटच होते आणि फायदा ४५ टक्के. लहान कार्ड काटकसरी दिसतं, पण त्याच्यामागे अख्खा संगणक जागा ठेवावा लागतो.

भाची : हे मान्य. हे मी धरलं नव्हतं.

मामा : आणि पॉवर लिमिट?

भाची : तीच तर पहिली गोष्ट करायची! चिपमध्ये वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. शेवटच्या थोड्या मेगाहर्ट्झसाठी कार्ड व्होल्टेज चढवतं आणि वीज बेसुमार जाते. मर्यादा खाली आणलीस की गती थोडी उतरते, वीज त्याहून खूप जास्त उतरते. ओव्हरक्लॉकिंग तर नकोच. खेळात एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा आला तर कुणाला कळतही नाही. इथे एक आकडा चुकला की अणू भलतीकडे उडतो, काम मागच्या चेकपॉइंटपासून पुन्हा सुरू होतं, आणि पुन्हा पुन्हा तसंच झालं तर टाकूनच द्यावं लागतं. आइनस्टाइनमध्ये एकच काम साधारण दोघांना देऊन निकाल जुळवतात. तुझा जुळला नाही की तिसऱ्या कुणाला ते परत करावं लागतं. तुझी वीज गेली ती गेलीच, वर त्याचीही.

बिलाचा विषय मीच काढला, कारण तो त्या दोघांच्या बोलण्यात फार उशिरा येत होता. २०० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला १४४. ४५० वॉट म्हणजे महिन्याला ३२४. महाराष्ट्रात घरगुती विजेचे स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. ते मोठं कार्ड पूर्ण ताकदीने चाललं तर घरातला एक दिवाही न लावता तीनशेची रेघ ओलांडतं. देशाच्या ग्रिडवर एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका कार्डामागे महिन्याला शंभर किलो, दुसऱ्यामागे सव्वादोनशेच्या वर.

मामा : छतावर सोलर आहे, ताई.

भाची : नेट मीटरिंग आहे ना? तू न वापरलेलं युनिट ग्रिडमध्ये जातं आणि तुझ्या खात्यात जमा होतं. कार्डाने खाल्लं तर ते जमा होत नाही. सूर्याचं असलं तरी फुकटचं नाही.

मामा : आणि मे महिन्यातलं नागपूर तू विसरलीस.

भाची : नाही विसरले. कार्डाने घेतलेली सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच उतरते. जर्मनीत हिवाळ्यात ती उष्णता घर उबदार ठेवायच्या कामी येते. तुझ्याकडे पंचेचाळीस अंशांत तीच बाहेर काढायला एसी लावलास, तर तीन युनिट उष्णतेमागे साधारण आणखी एक युनिट. तेच कार्ड, तेच काम, पण मे आणि डिसेंबरचा हिशेब वेगळा.

यावर मामा जे बोलला ते मला पटलं, आणि लेकीलाही पटलं असावं, कारण ती मध्ये बोलली नाही.

मामा : तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. पण माणूस वर्षानुवर्षं हे का करतो, ते तुझ्या नॅनोसेकंदांत नाही. निकाल यायला वर्षं लागतात. आइनस्टाइन शोधतं ती अखंड गुरुत्वीय लहर अजून सापडलेली नाही. सेटीत काहीच सापडलं नाही, तरी मी शेवटपर्यंत होतो. रोज सकाळी पाहिलं की काल आपल्या संगणकाने काहीतरी केलं, हे दाखवणारं पॉइंटशिवाय काय होतं? फोल्डिंगचे आणि आइनस्टाइन ज्यावर चालतं त्या बॉइंकचे पॉइंट एकमेकांशी लावता येत नाहीत, बॉइंकमध्येही प्रकल्पागणिक माप बदलतं, मला सगळं माहीत आहे. तरी तेवढ्यावर लोक टिकून राहिले. लोक टिकले म्हणून २०२०मध्ये तुमच्याकडे तयार यंत्रणा होती. नाहीतर ती त्या मार्चमध्ये शून्यातून उभारायला लागली असती.

मला वाटतं, पॉइंट माणसासाठी आहेत आणि त्यासाठी ते उत्तम आहेत. कार्ड निवडण्याचं माप म्हणून मात्र ते वापरू नयेत. भाऊ हे पूर्ण मानत नाही. गती मोजण्याची शिस्त लोकांना पॉइंटनीच लावली, असं त्याचं म्हणणं, आणि त्यातही तथ्य आहे. २००६मध्ये फोल्डिंगने पहिल्यांदा एटीआयच्या कार्डांवर काम सुरू केलं, तेव्हापासून कुठला ड्रायव्हर बिघडला, कुठलं कार्ड अडखळतं, हे स्वयंसेवकांनी पॉइंट घसरलेले पाहूनच ओळखलं.

शेवटी ४०७० आलं. पॉवर लिमिट खाली आणली आहे. फोल्डिंगचं काम एका वेळी एकच, आइनस्टाइनची दोन. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत फक्त रात्री. प्लगपाशी वीज मोजणारं छोटं मीटर बसवलंय, त्याचे आकडे दर रविवारी पुण्याला जातात आणि लेक ते नॅनोसेकंदांशी लावून परत पाठवते. भाऊ पीपीडीही पाठवतो, तिने मागितला नसला तरी.

१६६० सुपरचं काय करायचं, यावर मात्र अजून एकमत नाही.

मामा : दुसरा जुना संगणक पडलाय, त्यात घालतो. बसवून ठेवण्यापेक्षा चालू दे.

भाची : त्याच्यामागचे साठ वॉट धर आणि सांग, एका युनिटात ४०७०च्या कितव्या हिश्श्याइतकं काम होईल? तेवढीच वीज ४०७०च्या पॉवर लिमिटमध्ये घाल, जास्त काम होईल.

मामा : मग शेजारच्या मुलाला देतो. बारावीला आहे, प्रोग्रॅमिंग शिकतोय. कार्डावर हात बसेल.

भाची : दे, नक्की दे. फक्त परस्पर फोल्डिंग लावून देऊ नकोस. स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या संगणकावरच चालवायचं असतं ते. बिल त्याच्या घरचे भरणार, तर आधी त्यांना विचार, महिन्याला किती युनिट जातील ते आकड्यात सांग, आणि मग हो म्हणाले तर लाव.